गॅलरीत बसून प्राण्यांचं वर्तन कसं ओळखायचं: आधी बघा, मग नाव द्या

माझी भाची अकरावी सायन्सला आहे. तिच्या वहीत प्राण्यांच्या वर्तनाचा मस्त तक्ता आहे, डावीकडे उपजत, उजवीकडे शिकलेलं, खाली प्रतिक्षिप्त क्रिया, टॅक्सिस, इंप्रिंटिंग वगैरे सगळं रंगीत पेनाने. तक्ता तोंडपाठ आहे. पण मागच्या मे महिन्यात ती डोंबिवलीला माझ्याकडे राहायला आली तेव्हा समोरच्या बदामाच्या झाडावर एक कावळा ठिपक्याठिपक्यांच्या पिल्लाला भरवत होता आणि मी विचारलं की हे तुझ्या तक्त्यात कुठे बसतं गं, तर ती गप्प. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, मावशी, हे पिल्लू कावळ्याचं नाहीये ना?

नव्हतंच, कोकिळेचं होतं. त्या सुट्टीत आम्ही दोघींनी रोज सकाळी गॅलरीत बसून नोंदी घेतल्या आणि माझं पक्कं मत झालंय की वर्तनाचे प्रकार तक्त्यातून शिकायचे नसतात, आधी प्राणी बघायचा, त्याने काय केलं ते लिहायचं आणि मग शेवटी नाव द्यायचं. उलटं केलं की माणूस नाव सापडल्यावर बघायचंच थांबवतो. तर ते कसं करायचं ते सांगते, बारावीच्या मुलांना उपयोग होईलच पण ज्यांना नुसतं कुतूहल आहे त्यांनाही जमेल.

पहिलं काम: दहा मिनिटं, एक प्राणी, एक वही

एकच प्राणी निवडायचा. थवा नाही, एक. कावळा, कुत्रा, खार, पाल, काहीही चालेल. दहा मिनिटं फक्त त्याच्यावर नजर आणि दर मिनिटाला तो काय करतोय ते एका ओळीत लिहायचं, वेळ टाकून. अभ्यासक हेच करतात, जीन ऑल्टमन या बाईंनी 1974 मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर एक पेपर लिहिला, त्यात एकाच प्राण्यावर लक्ष ठेवणं, ठराविक वेळाने सगळ्या कळपावर नजर फिरवणं अशा पद्धती नीट मांडल्यात आणि आजही लोक त्याच वापरतात.

इथे एकच नियम कडक पाळायचा. हालचाल लिहायची, भावना लिहायची नाही. "कुत्रा चिडला" असं नाही, "कान मागे, ओठ वर, दात दिसतात, शेपूट ताठ, पाऊल पुढे नाही" असं. सुरुवातीला फार जड जातं. भाचीच्या पहिल्या पानावर "कबुतर कंटाळलं" असं होतं, मी म्हटलं कंटाळलं म्हणजे काय केलं, तेव्हा तिने परत बघून लिहिलं की एक पाय पोटात, मान आत, डोळे मिटतं उघडतं, पिसं फुगलेली. ह्या दुसऱ्या वाक्यावर काम करता येतं, पहिल्यावर नाही. कारण पिसं फुगवून बसलेलं कबुतर थंडीमुळे बसलं असेल, झोपत असेल, आजारीही असेल.

चार-पाच दिवसांत हालचालींची यादी तयार होते: चोच पुसणं, पंख ताणणं, मान डोलावणं, पाठलाग, मागणं, भरवणं. या यादीला एथोग्राम म्हणतात. ही यादी हातात आली की मगच प्रकारांकडे वळायचं.

दुसरं काम: हे कोणी शिकवलंय का ते विचारा

कोकिळेचंच घ्या. मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांच्या आधी बाहेर येतं, कावळे त्याला भरवतात, लहानपण सगळं कावकाव ऐकण्यात जातं. आणि मोठा झाल्यावर नर ओरडतो काय, तर कुहू. कोणी शिकवलं? कोणीच नाही. हे उपजत वर्तनाचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण आहे आणि ते आपल्या झाडावर फुकट बघायला मिळतं, मार्च ते जुलै. (गाणारा काळा पक्षी नर असतो, मादी ठिपकेदार तपकिरी, हे अजून खूप जणांना माहीत नसतं.) याच्या शेजारीच दयाळ गात असतो, तो मात्र गाणं मोठ्यांचं ऐकून शिकणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला. एकाच झाडावर तक्त्याचे दोन्ही रकाने.

उपजतमध्ये सगळ्यात साधी म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया, डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटणं, त्यात जास्त बोलण्यासारखं नाही. त्याहून मजेशीर म्हणजे एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत चालणारं ठराविक साच्याचं वर्तन. लॉरेन्झ आणि टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी 1938 मध्ये करड्या हंसावर हे दाखवलं, अंडं घरट्याबाहेर घरंगळलं की हंसीण मान लांब करून चोचीने ते आत ओढते आणि मधेच अंडं काढून घेतलं तरी मान तशीच आत ओढत आणते, जणू अंडं आहेच. या दोघांना आणि मधमाशीच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये मिळून नोबेल मिळालं.

आता सुगरण. आपण म्हणतो सुगरणीचा खोपा, पण विणतो नर. सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणींचा अभ्यास केला आणि 1931 मध्ये छापला. नर अर्धा खोपा विणतो, माद्या येतात, आत शिरून तपासतात, पसंत पडला तर जोडी जमते, मग नर बाकीचा पुरा करतो आणि मादी अंड्यावर बसली की हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो. विणण्याची ओढ उपजत, पण विणकर पक्ष्यांवरच्या अभ्यासांत दिसलंय की नवख्या नरांची वीण ओबडधोबड असते आणि सरावाने सुधारते. मग हे डावीकडे लिहायचं की उजवीकडे? दोन्हीकडे. परीक्षेत एकच रकाना मागतात तेव्हा उपजत लिहा, पण स्वतःच्या वहीत "पाया उपजत, सफाई सरावाची" असं लिहा, कारण बहुतेक वर्तन असंच मिसळलेलं असतं. जून ते सप्टेंबर विहिरीवरच्या किंवा ओढ्याकाठच्या बाभळी बघा, अर्धवट सोडलेले खोपे लटकलेले दिसतील, ते मोजा.

तिसरं काम: दिशा आहे का नुसती धावपळ, ते बघा

टॅक्सिस आणि कायनेसिस यात सगळी मुलं गोंधळतात, म्हणून हे घरी करूनच बघा. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली करडे, चपटे, बऱ्याच पायांचे छोटे किडे असतात, त्यातले काही हात लागला की गोळी होतात. एक पसरट ट्रे घ्या, अर्ध्या भागात ओला वर्तमानपत्राचा कागद, अर्ध्यात कोरडा, मधोमध आठ-दहा किडे ब्रशने सोडा आणि वर अंधार करा. वीस मिनिटांनी बघितलं तर बहुतेक ओल्या बाजूला असतील. वाटेल की ते ओलीकडे चालत गेले. पण परत करा आणि यावेळी एकाच किड्याचा माग पेन्सिलने कागदावर काढा. कोरड्यात तो भराभर चालतो, ओल्यात हळू होतो, सारखा वळतो, थांबतो. त्याला ओल कुठे आहे ते कळलेलं नसतं, नुसतं कोरड्यात पाय उचलले जातात आणि ओल्यात रेंगाळतात, म्हणून गर्दी ओल्यात होते. हे कायनेसिस, वेग बदलला पण दिशा ठरलेली नव्हती. झालं की किडे परत कुंडीखाली सोडा.

टॅक्सिस म्हणजे दिशा धरून जाणं, आणि ते बघायचं तर वेळासला जा. मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात, चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी 2002 पासून ती जपलीत. मी मार्चमध्ये गेले होते. सकाळी टोपली वाळूवर आडवी केली, पाण्यापासून थोडं लांब, मुद्दाम, म्हणजे पिल्लं स्वतः चालत जातील. तळहातापेक्षा लहान, काळपट राखाडी, अंगावर वाळू चिकटलेली. एकाचं तोंड डोंगराकडे होतं. ते थांबलं, पुढचे दोन्ही पंजे वाळूत रुतवून अंग वळवलं, परत थांबलं, आणि मग सरळ समुद्राकडे. लाटेने दोनदा मागे आणून टाकलं, दोन्ही वेळा तोंड परत पाण्याकडेच. आजूबाजूला पन्नास माणसं होती आणि कोणी बोलत नव्हतं.

पिल्लं उजळ आणि मोकळ्या क्षितिजाकडे जातात, रात्री किनाऱ्यावर ते समुद्राचंच असतं. म्हणून किनाऱ्यालगतच्या हॉटेलचे दिवे त्यांना उलट्या दिशेला नेतात. कासवं बघायला जाणार असाल तर टॉर्च आणि मोबाईलचा फ्लॅश बंद, हे मी हात जोडून सांगते.

दिव्याभोवतीचे पाखरू मात्र जपून लिहा. जुन्या पुस्तकांत ते प्रकाशाकडे ओढलं जाणारं टॅक्सिस म्हणून असतं, पण 2024 मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने केलेला अभ्यास आला, त्यात दिसलं की किडे दिव्याकडे पाठ करतात, कारण एरवी वरचं आकाश उजळ असतं आणि पाठ उजेडाकडे ठेवली की उडणं सरळ राहतं, दिवा बाजूला असला की तेच गणित चुकतं आणि ते गोल गोल अडकतात. आज रात्री ट्यूबलाइटखाली बघा, पाखरू दिव्याच्या वरून जाताना उलटं होऊन पडतं का ते.

चौथं काम: सरावलं की शिकलं, ते पारखा

सरावणं हे शिकण्याचं सगळ्यात साधं रूप. आमच्या बिल्डिंगमध्ये दर दुसऱ्या गॅलरीत कबुतरांसाठी जुन्या सीडी टांगलेल्या आहेत. पहिला आठवडा कबुतरं येत नाहीत, मग लांब बसतात, महिन्याभरात सीडीच्या खालीच घरटं. चमकणाऱ्या गोष्टीने काहीच वाईट होत नाही हे त्यांच्या अंगवळणी पडलं. जाळीच लावा, सरावण्याचा प्रश्नच येत नाही.

हे मोजायचं असेल तर गोगलगाय घ्या. काचेच्या बरणीच्या भिंतीवर चढू द्या, बाहेरून पेनाने टकटक करा, ती शिंगं आत घेते. बाहेर आली की परत तशीच टकटक. दर वेळी शिंगं किती सेकंदांनी बाहेर आली ते लिहा, आकडे हळूहळू कमी होत जातात आणि मग ती शिंगं आत घ्यायचंच सोडते. ती दमली का सरावली, हे कसं ओळखायचं? मधेच वेगळं काहीतरी करा, बरणी हलकेच सरकवा. शिंगं पटकन आत गेली तर दमलेली नव्हती, टकटकीला सरावली होती. गोगलगायीला उघड्या हाताने धरू नका, तिच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात, हातमोजा किंवा पान वापरा आणि नंतर साबणाने हात धुवा.

दुसरं मोजमाप पायांनी करायचं. पक्ष्याकडे किंवा सरड्याकडे एका लयीत सरळ चालत जा आणि तो पळाला त्या क्षणी थांबून पावलं मोजत त्याच्या जागेपर्यंत जा. हे पळण्याचं अंतर. बाजारातला कावळा आणि टेकडीवरचा कावळा, दोन्ही मोजा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथे सड्यावर रंगीत पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे राहतात (त्यांच्या गटाचं शास्त्रीय नावच 2016 मध्ये आपल्या सरडा शब्दावरून सारडा असं ठेवलंय, मला याचा फार आनंद आहे). 2018 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, म्हणून सरडे जास्त, आणि ते माणसाला बरंच जवळ येऊ देतात. फक्त हे सरावणं आहे की शिकारी कमी झाल्यामुळे भीतीच कमी झालीय, हे नुसत्या पावलांनी ठरत नाही, म्हणून त्या लोकांनी रक्तातलं ताणाचं संप्रेरकही तपासलं, तेही कमी निघालं. एका वर्तनाला दोन कारणं सुचत असतील तर दुसरं मोजमाप शोधायचं, हे मला या अभ्यासातून कळलं.

आता अभिसंधान, म्हणजे एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालून शिकणं. खाण्याआधीच्या इशाऱ्यानेच लाळ गाळणारा पावलोवचा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो (त्यांना 1904 चं नोबेल पचनावरच्या कामासाठी मिळालं, कुत्र्याची लाळ त्याच कामात समोर आली). पण आमच्या गल्लीतलं उदाहरण मला जास्त आवडतं. एक काका रोज रात्री साडेदहाला जुन्या स्कूटरवरून येतात, डिकीत कुत्र्यांसाठी भात असतो. स्कूटर कोपऱ्यावर असतानाच चारही कुत्री उठून उभी, शेपट्या चालू, एकीची लाळ गळते. दिवाळीनंतर काकांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पहिल्या रात्री काका अगदी जवळ येऊन थांबले तरी कुत्री झोपलेली, हाक मारल्यावर धडपडत उठली. म्हणजे इतके दिवस इशारा होता इंजिनचा आवाज, काका नाही, वेळ तर नाहीच नाही. मी लिहून ठेवलं, सहाव्या रात्री सगळ्यात धाकटी कुत्री हेडलाइट वळताना उठली, बाकीच्या नंतर. इशारा नक्की कोणता आहे हे कळायला त्यातली एक गोष्ट बदलावी लागते, इथे ती आपोआप बदलली.

यात कुत्र्याला काही करावं लागत नाही, खाणं येणारच असतं. जिथे आपण काहीतरी केलं म्हणून मिळालं असं असतं ते साधक अभिसंधान, आणि त्याचं ठळक उदाहरण म्हणजे माथेरान-महाबळेश्वरची माकडं. पिशवी ओढली, वेफर्स मिळाले, परत ओढली. लोक म्हणतात आम्ही नेहमी देत नाही, कधीतरीच देतो. कधीतरी देणं जास्त वाईट! दर वेळी मिळणारा खाऊ बंद झाला तर प्राणी लवकर सोडतो, अधूनमधून मिळणारा बंद झाला तर खूप वेळ प्रयत्न करत राहतो. घरातली मांजर पहाटे दार खरवडते आणि तुम्ही दहातून एकदा उठता, तिथेही हेच. उठायचं नसेल तर अजिबात उठू नका.

इंप्रिंटिंग शहरात बघायला कठीण. बदकाची किंवा कोंबडीची पिल्लं अंड्यातून आल्यावर पहिल्या थोड्या काळात जे हलताना दिसेल त्याच्या मागे लागतात, लॉरेन्झ यांच्या मागे हंसाची पिल्लं फिरायची ती यामुळेच. मर्मदृष्टीचं म्हणजे विचार करून युक्ती काढण्याचं उदाहरण पुस्तकात मानसशास्त्रज्ञ कोलर यांच्या सुलतान चिंपांझीचं असतं, त्याने दोन काठ्या एकात एक घालून केळं ओढलं. दोन्ही वाचून ठेवा, पण आपल्या नोंदीत "युक्ती काढली" हे शब्द सगळ्यात शेवटी वापरा.

पाचवं काम: एकमेकांशी काय चाललंय ते बघा

मुंग्यांची रांग शोधा आणि ओल्या बोटाने रांगेवर आडवी एक रेघ पुसा. मुंग्या त्या जागी येऊन थबकतात, मिशा हलवतात, डावी-उजवीकडे भटकतात, मग एक जण पलीकडे पोचते आणि हळूहळू रांग परत जुळते. वासाची वाट पुसली गेली होती. आणखी एक, रांगेत कागदाचा तुकडा ठेवा, त्यावरून रांग चालू झाली की अर्ध्या तासाने कागद काटकोनात फिरवा. काही मुंग्या कागदावरच्या जुन्या वाटेने भलतीकडे जातील.

उंच बिल्डिंगच्या कडेला आग्या मोहोळ असेल तर लांबून, दुर्बीण असली तर उत्तम, पोळ्यावर लाट फिरताना दिसते, शेकडो माश्या एकामागून एक पोट वर उचलतात. गांधीलमाशी जवळ आली की ही लाट तिला बिचकवते. जवळ जायचं नाही, ड्रोन तर नाहीच.

आणि स्कूटरच्या आरशावर चोच मारणारा काळा-निळा चिमुकला शिंजीर! लोक म्हणतात प्रेमात पडलाय. तो आरशातल्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर समजून भांडतोय, त्याची ताकद फुकट जाते, आरशावर जुना मोजा घाला.

सहावं काम: एका वर्तनाला चार प्रश्न

टिनबर्गन यांनी 1963 मध्ये म्हटलं की "का" हा एक प्रश्न नाही, चार आहेत. टिटवीवर लावून बघू. ती उघड्या माळावर अंडी घालते आणि उन्हाळ्यात पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून परत अंड्यांवर बसते. पहिला प्रश्न, आत्ता हे कशामुळे सुरू झालं? उन्हामुळे, म्हणून नोंदीत तापमान टाका. दुसरा, हे तिच्या आयुष्यात कसं आलं, पहिल्यांदाच अंडी घालणारी जोडीही करते का? तिसरा, उपयोग काय? अंडी थंड राहतात. चौथा, तिच्या नात्यातले पक्षीही करतात का? करतात, बाकीच्या काही टिटव्या आणि चिखल्यांमध्येही हे दिसतं, म्हणजे सवय जुनी असणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला दिलं की गोंधळ होतो, "गरम होतं म्हणून" आणि "अंडी वाचावीत म्हणून" ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. फक्त टिटवी डोक्यावर ओरडत झेप घ्यायला लागली की समजा अंडी जवळ आहेत, तिथून मागे फिरा, तुम्ही उभे आहात तोवर अंडी उन्हात उघडी आहेत.

सध्या माझ्या वहीत एक कोडं चालू आहे. आमच्या गॅलरीतल्या कुंडीच्या ताटलीत पाणी साचतं आणि एक कावळा सुकी पोळी आणून त्यात बुडवतो, मग खातो. 21 दिवसांत 14 वेळा पोळी किंवा पाव बुडवला, मऊ भात आणला तेव्हा एकदाही नाही. त्याचं यंदाचं पिल्लू कठड्यावर बसून बघतं, पण अजून त्याने स्वतः बुडवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी एक दिवस ओली पोळी आणि एक दिवस सुकी पोळी ठेवणार आहे, आणि ताटली तशीच ठेवून शेजारी एक रिकामी ताटलीही ठेवणार आहे.